पंपाच्या एअर रायफलला कोणते तेल? ‘पेलगनऑइल’ आणि त्याच्या पर्यायांचे परीक्षण

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मिशिगन सरोवराच्या काठी रॅसीन नावाचे शहर आहे. तेथील शेरिडन कंपनीने १९५० च्या सुमारास ‘ब्लू स्ट्रीक’ ही हाताने पंप मारून हवा भरायची रायफल बाजारात आणली, आणि पाच मिलिमीटरचा छर्रा वापरणारी ही पितळी अंगाची बंदूक पुढे कित्येक दशके विकली गेली. मी याच राज्यात राहतो आणि चार वर्षांपूर्वी शेजारच्या गावातील एका जुन्या सामानाच्या विक्रीत मला ती मिळाली. वरचा काळा मुलामा जागोजागी उडून आतले पितळ दिसत होते, अक्रोडाचा दस्ता मात्र शाबूत होता. पंपाचा दांडा सहज, अगदी नको इतका सहज, हलत होता, कारण आत हवा भरलीच जात नव्हती. विकणाऱ्या आजोबांनी प्रामाणिकपणे सांगितले की वीस वर्षांत तिला कोणी हात लावलेला नाही. त्या बंदुकीसाठी योग्य तेल शोधताना जे पदरात पडले, ते या परीक्षणात मांडत आहे.

तेल निवडण्यापूर्वी ते आत नेमके काय काम करते, हे समजून घेणे आवश्यक आहे. ज्यांनी लहानपणी सायकलचा हातपंप किंवा रॉकेलचा स्टोव्ह हाताळला आहे, त्यांना ते लगेच कळेल. स्टोव्हचा पंप मारूनही ज्योत धरेना, की आई दट्ट्या बाहेर काढून त्याचा सुकलेला चामडी वायसर बोटांनी फाकवी, त्यावर दोन थेंब तेल सोडी आणि पुन्हा बसवी. मग पंपाला जोर येई. पंप रायफलमध्ये हेच घडते. दट्ट्याच्या टोकाला वाटीसारखा एक कप असतो, आणि दाब येताच त्याची कड नळीच्या आतल्या भिंतीला घट्ट टेकते. कपाच्या मागे फेल्टची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीची, एक चकती असते. ती तेल धरून ठेवते आणि दर फेऱ्याला भिंतीवर त्याचा पातळ थर देते. दट्ट्याने ढकललेली हवा झडपेतून छोट्या कोठीत जाते आणि चाप ओढेपर्यंत तेथेच कोंडून राहते. त्यामुळे तेलाने तीन कामे करावी लागतात: कप आणि भिंत यांच्यातील बारीक फट बुजवणे, सीलचे, म्हणजे हवा अडवणाऱ्या भागांचे, रबर सुकू न देणे, आणि हवेबरोबर झडपेपर्यंत पोहोचून तिच्या बैठकीवर थोडा ओलावा ठेवणे. घर्षण कमी करणे हे काम महत्त्वाचे असले तरी चौथ्या क्रमांकाचे आहे. बाटलीवर ‘बंदुकीचे तेल’ असे लिहिलेली बहुतेक तेले गोळीबाराच्या बंदुकीतील पोलादासाठी आणि गंजापासून बचावासाठी बनवलेली असतात. त्यांच्या कर्त्यांनी कपाचा किंवा फेल्टचा विचार केलेला नसतो.

पहिली चूक मी स्वतःच केली. घरात गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा डबा होता, आणि त्याच्या लांब नळीचे टोक पंपाच्या फटीतून सहज आत जात होते. दोन दिवस बंदूक इतकी छान चालली की काम फत्ते झाले असे मला वाटले. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा कोरडी पडली, आणि दट्ट्या आता खरखरू लागला. कारण नंतर उमगले. अशा स्प्रेमध्ये मोठा भाग विद्रावकाचा असतो. तो फेल्टमध्ये उरलेसुरले जुने तेल धुऊन काढतो, स्वतः उडून जातो आणि मागे थोडा चिकट थर ठेवतो. अडकलेली खीळ सोडवण्यासाठी तो डबा उत्तम आहे, परंतु हवा कोंडण्याच्या कामी तो निरुपयोगीच नव्हे तर घातक आहे.

त्यानंतर मी क्रॉसमन कंपनीचे ‘पेलगनऑइल’ आणले. पाव औंसाची, म्हणजे साधारण सात मिलिलिटरची, छोटी प्लास्टिकची नळी. या कंपनीने १९९२ मध्ये बेंजामिन-शेरिडन विकत घेतल्यामुळे माझ्या बंदुकीच्या दृष्टीने हे घरचेच तेल म्हणावे लागेल. ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या पिस्तुलांसाठी खपते. गॅसच्या कुपीच्या तोंडावर एक थेंब लावला की तो गॅसबरोबर सगळ्या सीलपर्यंत जातो. पंपाच्या बंदुकीसाठी पद्धत वेगळी आहे. आधी नळीत छर्रा नाही आणि कोठीत हवा नाही याची खात्री करायची. मग दांडा पूर्ण उघडायचा, खालच्या फटीतून फेल्टची कड दिसेपर्यंत तो पुढे-मागे करायचा आणि त्या कडेवर थेंब सोडायचे. मी बोथट सुईची सिरिंज वापरतो, कारण थेंब फेल्टऐवजी बाहेरच्या पितळावर पडला तर तो वाया जातो आणि हात मात्र तेलकट होतात. वर्षानुवर्षे कोरड्या राहिलेल्या फेल्टला पहिल्या वेळी पाच-सहा थेंब लागले. दहा-बारा वेळा दांडा मारून बंदूक रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पंपापासून दांड्याला जो विरोध जाणवू लागला, त्याने मला खरोखर आनंद झाला. तीन पंप भरून ठेवलेली हवा दुसऱ्या सकाळीही कायम होती.

पहिल्या काही फैरींत नळीच्या तोंडातून तेलाचे बारीक धुके निघाले आणि छर्रे कुठेही जाऊ लागले. हा तेलाचा दोष नसून माझ्या उदारपणाचा होता. जास्तीचे तेल झडपेतून नळीत येते आणि ते जळल्याशिवाय, केवळ फुंकले जाऊन, बाहेर पडेपर्यंत नेम स्थिरावत नाही. कंपनीच्या माहितीपत्रकांत साधारण दर २५० फैरींनंतर थेंबभर तेल देण्यास सांगितले आहे, आणि नियमित वापरातल्या बंदुकीला ते प्रमाण मला पुरेसे वाटते. एवढ्याशा तेलाला मोजावी लागणारी किंमत तेवढी खटकते.

ती खटकते म्हणूनच मी दुसरा पर्याय पाहिला: एसएई ३० प्रतीचे (हा आकडा तेलाचा दाटपणा सांगतो), डिटर्जंट नसलेले तेल, जे हवेच्या कॉम्प्रेसरसाठी क्वार्टच्या बाटलीत, म्हणजे ९४६ मिलिलिटरमध्ये, मिळते. ‘डिटर्जंट नसलेले’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. मोटारीच्या तेलातील डिटर्जंटचे काम काजळी तेलातच तरंगत ठेवण्याचे असते. पंपात काजळी नसते, उलट दाबलेल्या हवेतील बाष्प असते. डिटर्जंट त्या पाण्याला तेलात मिसळून पांढरट साय तयार करू शकतो, आणि ती झडपेच्या बैठकीवर बसलेली कोणालाच नको असते. कॉम्प्रेसरचे तेल आणि पेलगनऑइल यांच्यात मला वापरताना फरक जाणवला नाही. मात्र पेलगनऑइलमध्ये सीलसाठी घातलेला जो घटक आहे, त्याचा परिणाम वर्षानुवर्षांत दिसणारा असल्यामुळे जुन्या सीलच्या बंदुकीला मी पेलगनऑइलच देतो, आणि नव्या सीलच्या बंदुकीला कॉम्प्रेसरचे तेल.

सिलिकॉन तेलाची शिफारस वारंवार होते. रबराला ते मानवते आणि आत भडका उडण्याची भीती फारशी नसते, हे खरे. पण धातूवर धातू घासतो तेथे त्याचा थर टिकत नाही, आणि पंपाच्या दांड्याच्या खिळीवर तर पूर्ण बळ येते. शिवाय एकदा फेल्टमध्ये मुरलेले सिलिकॉन काढणे कठीण, आणि त्यावर दुसरे तेल नीट बसत नाही. केवळ कपापुरते ते चालेल. संपूर्ण बंदुकीसाठी नाही.

काही जुने दुरुस्ती करणारे गिअरबॉक्सच्या तेलात सील फुगवणारे द्रव मिसळून देतात. कडक झालेले सील त्याने फुगते आणि गळती थांबते, पण फुगलेले रबर मऊ व कमजोर होते. सील बदलण्यापूर्वीचा शेवटचा उपाय म्हणून ठीक. सवय म्हणून मी ते सुचवणार नाही. फार जुन्या बंदुकीत चामडी कप असेल, तर त्यासाठी अमेरिकेत गुरांच्या पायांपासून काढलेले नीट्सफूट तेल वापरण्याची रीत आहे.

मागच्या वर्षी नाशिकच्या भाच्याने फोनवर विचारले, “मामा, हीच पेलगनऑइलची नळी माझ्यासाठी आणाल का?” त्याच्याकडे नळी मोडून भरायची स्प्रिंगची बंदूक आहे, आणि आपल्याकडे ‘छऱ्याची बंदूक’ म्हटले की बहुधा हीच असते. मी त्याला स्पष्ट नाही म्हटले. स्प्रिंगच्या बंदुकीत दट्ट्या क्षणाच्या अंशात पुढे झेपावतो, हवा एकदम तापते, आणि तेथे खनिज तेल असेल तर डिझेल इंजिनाप्रमाणे ते पेटते. आवाज मोठा येतो, धूर निघतो, आणि सील व स्प्रिंग लवकर निकामी होतात. माझ्या बंदुकीत हवा हाताने, सावकाश दाबली जाते आणि तयार झालेली उष्णता पितळी नळीतून निघून जाते, म्हणून मला खनिज तेल चालते. भाच्याच्या बंदुकीतील हवेच्या कोठीत काही द्यायचेच असेल तर ते सिलिकॉनचे आणि तेही क्वचित. स्प्रिंगला मॉलिब्डेनमचे ग्रीस पातळ हाताने. टाकीत आधीच जबर दाबाची हवा भरून ठेवणाऱ्या पीसीपी रायफलला तर खनिज तेल दाखवूही नये.

राहिला प्रश्न दांड्याच्या बिजागरीचा. तेथे कोणतेच पातळ तेल टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. दर काही आठवड्यांनी कुरकुर ऐकू येते. तिथे मी लिथियमचे साधे ग्रीस, काडीच्या टोकावर मावेल इतके, लावतो. हिवाळ्यात बंदूक गॅरेजमध्ये ठेवली तर तेल घट्ट होऊन पहिले दोन पंप जड जातात, म्हणून नोव्हेंबरपासून ती तळघरात येते. चार वर्षांपूर्वी आणलेल्या त्या सात मिलिलिटरच्या नळीतले तिसऱ्या हिश्शाइतके तेल अजून शिल्लक आहे.