जुनी जीप की जिप्सी?

घरच्या अंगणात जुनी फोर बाय फोर (इंजिनची ताकद चारही चाकांना मिळणारी गाडी) स्वतःच्या हाताने दुरुस्त करायची, तर आपल्याकडे निवड बहुधा दोघींतच होते: महिंद्राची एमएम ५४० जीप नाहीतर मारुतीची जिप्सी.

जीपचं २११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन साधं आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक्स नाही, त्यामुळे पान्यांचा एक सेट आणि ग्रीस गन यांवर बरंच काम निघतं. बॉडीचे पत्रे सरळ असल्याने चासीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) गंज नसेल तर कुजलेला फ्लोअर गावातला वेल्डरही नवा बसवून देतो. मात्र इंजिनात डिझेल फवारणारा पंप घरी उघडू नका. तो असे पंप दुरुस्त करणाऱ्याकडेच द्यावा.

जिप्सी हलकी, चालवायला गोड. १९८५ साली आली तेव्हा इंजिन होतं ९७० सीसीचं. पण घ्यायचीच तर २००० नंतरची, १२९८ सीसी एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणारं इंजिन) बघा. आधीच्या गाड्यांतल्या कार्बोरेटरशी (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाशी) रोजची झटापट वाचते. हिचा शत्रू गंज. कोकणातली असेल तर मॅट उचलून फ्लोअर आणि खालून चासी स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहाच.

पाठीचे हाल दोन्हीकडे सारखेच, चारही चाकांना पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा)!

पहिल्यांदाच हात काळे करणार असाल, तर मी जीप म्हणेन. फक्त पंधरा वर्षांनंतरचं आरटीओ नूतनीकरण झालंय का, ते आधी तपासा.