फिटनेस बँडच्या भरवशावर व्यायाम करावा का? वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

गेले जवळपास वर्षभर मी मनगटावर फिटनेस बँड बांधून चालते, धावते, वजने उचलते आणि झोपतेही. या काळात माझे मत असे झाले आहे की बँडचे काही आकडे खरोखर उपयोगी असतात, काही निव्वळ शोभेचे असतात, आणि पडद्यावर सर्वांत ठळक दिसणारे आकडे बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतात.

सुरुवात हृदयाच्या ठोक्यांपासून करते, कारण बाकीची बरीच गणिते त्यावरच उभी असतात. बँडच्या तळातून हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो, रक्त तो शोषून घेते आणि प्रत्येक ठोक्यागणिक त्वचेखालील रक्ताचे प्रमाण कमीजास्त होत असल्यामुळे परत येणाऱ्या प्रकाशातही चढउतार होतो. त्या चढउतारांवरून ठोके मोजले जातात. छातीवर बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो, बँड मात्र रक्तप्रवाहावरून अंदाज बांधतो. स्वस्थ बसलेले असताना किंवा एका लयीत चालताना हा अंदाज चांगला जुळतो. हात हलू लागला, की गडबड सुरू होते.

एकदा संथ धावायला सुरुवात केल्यावर, सहज गप्पा मारता येतील इतका श्वास शाबूत असताना, पडद्यावर १६८ हा आकडा येऊन बसला. थांबून मानेवर बोटे ठेवली आणि घड्याळ लावून मोजले, तर ठोके १२०च्या आसपास होते. पावलांची नोंद उघडली तेव्हा उलगडा झाला: माझी पावले मिनिटाला साधारण १६८ पडत होती आणि सेन्सरने हृदयाची लय सोडून पावलांचीच लय धरली होती. हा दोष एखाद्याच बँडचा नसून मनगटावरून प्रकाशाने ठोके मोजण्याच्या पद्धतीतच त्याची शक्यता आहे. बँड मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि जरा घट्ट बांधल्यास असे प्रकार कमी होतात. थंडीत मात्र त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे अंग तापेपर्यंत आकड्यांकडे न पाहिलेलेच बरे. वजने उचलताना मूठ आवळलेली आणि मनगट वाकलेले असते. तिथे, आणि थोड्या सेकंदांच्या वेगवान धावेतही, आकडा इतका मागे रेंगाळतो की तो वर चढेपर्यंत आपली विश्रांती सुरू झालेली असते. अशा व्यायामासाठी ठोके पाहायचेच असतील तर छातीचा पट्टा घ्यावा.

आता उष्मांकांकडे वळते. हा आकडा मी पडद्यावरून काढूनच टाकला आहे. बँड उष्मांक मोजत नाही. वय, वजन, उंची, लिंग, ठोके आणि हालचाल एका सूत्रात घालून तो उत्तर काढतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६० स्वयंसेवकांवर सात उपकरणे तपासली, तेव्हा सातांपैकी सहा उपकरणांची ठोक्यांतील चूक ५ टक्क्यांच्या आत होती. उष्मांकांच्या बाबतीत मात्र त्यातल्या त्यात अचूक ठरलेले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते आणि सर्वांत वाईट उपकरणाची चूक ९३ टक्के होती. यंत्रे त्यानंतर सुधारली असतील, पण उकाडा किंवा मानसिक ताण यांनीही ठोके वाढतात आणि त्या वाढीचा खर्च झालेल्या ऊर्जेशी थेट संबंध नसतो, ही अडचण सेन्सर बदलून सुटणारी नाही. या आकड्यावर विसंबून ‘आज एवढे जाळले, तेव्हा एवढे खायला हरकत नाही’ असा हिशेब करणे धोक्याचे आहे. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या चाचणीत आहार आणि व्यायामाच्या मार्गदर्शनासोबत उपकरण वापरणाऱ्या तरुण गटाचे वजन सरासरी ३.५ किलो उतरले, तर उपकरणाविना स्वतः नोंदी ठेवणाऱ्या गटाचे ५.९ किलो. याचे कारण त्या चाचणीतून सिद्ध झालेले नाही; तरीही बँड बांधला म्हणजे वजन उतरेलच, या समजाला त्याने चांगलाच धक्का बसतो.

दहा हजार पावलांचे लक्ष्य १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या जाहिरातीतून रूढ झाले, वैद्यकीय संशोधनातून नव्हे. वयस्क स्त्रियांविषयी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचा धोका २,७०० पावलेवाल्यांपेक्षा कमी आढळला आणि ७,५०० च्या पुढे फारसा जास्त फायदा दिसला नाही. म्हणून मी लक्ष्य स्वतःच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा थोडे वर ठेवले आहे. ढकलगाडीच्या दांड्यावर हात स्थिर राहिला तर बँड पावले गाळतो, पण रोजची तुलना स्वतःशीच असल्याने त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. झोपेच्या टप्प्यांचे रंगीत आलेख मी पाहणे सोडले आहे; ते टप्पे खात्रीने ठरवायला मेंदूतील लहरी नोंदवाव्या लागतात. झोपण्या-उठण्याच्या वेळा तेवढ्या बऱ्यापैकी जुळतात.

मग बँड अजून मनगटावर का आहे? दोन गोष्टींसाठी. पहिली म्हणजे विश्रांतीतील ठोक्यांचा अनेक आठवड्यांचा कल. नियमित धावणे अंगवळणी पडत गेले तसा माझा आकडा हळूहळू उतरला, आणि तो अचानक चार-पाच ठोक्यांनी वर दिसला की त्या दिवशी मी जोराचा व्यायाम टाळते. बहुतेक वेळा त्यामागे अपुरी झोप किंवा येऊ घातलेला ताप निघतो. दुसरी म्हणजे आठवड्याच्या मिनिटांची बेरीज. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते आणि आपण तिथपर्यंत पोहोचलो की नाही, याचे उत्तर स्मरणशक्तीपेक्षा बँड प्रामाणिकपणे देतो. त्याच शिफारशीत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायामही आहे, त्याची दखल मात्र बँड जेमतेम घेतो.

व्यायामाचा जोर ठरवताना, ठोक्यांवरून हलका, मध्यम, जोराचा अशा पातळ्या दाखवणाऱ्या बँडमधील रंगीत पट्ट्यांनाही जपून वापरावे. बरीच उपकरणे २२० मधून वय वजा करून कमाल ठोके धरतात, आणि एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत प्रत्यक्ष कमाल दहा-बारा ठोक्यांनी सहज वेगळी असू शकते. बोलता येते आहे पण गाता येत नाही, इतका श्वास म्हणजे मध्यम जोर, ही जुनी कसोटी मला अधिक भरवशाची वाटते. रक्तदाबासाठी वा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातील औषध घेणाऱ्यांचे ठोके औषधामुळेच कमी राहतात, त्यामुळे वयावरून आखलेल्या या पट्ट्या त्यांना लागू पडत नाहीत. त्यांनी ठोक्यांची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी आणि ती बँडमध्ये स्वतः भरावी.