डिशला अर्थिंग करून नऊ महिने झाले, चित्र मात्र वेगळ्याच कारणाने सुधारलं

चित्र फाटतंय म्हणून डिशला अर्थिंग करायला निघाला असाल तर जरा थांबा. मीही तसाच निघालो होतो. अर्थिंगने चित्र सुधारत नाही. उलट माझ्या घरी त्यानेच बिघडवलं होतं, तेही पूर्णपणे माझ्या चुकीमुळे.

सामान मोजकंच होतं. डिशच्या नळीला क्लॅम्प लावून 16 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली, आणि केबल घरात शिरते तिथे एक ग्राउंड ब्लॉक बसवला. हा ब्लॉक म्हणजे धातूचा काडेपेटीएवढा ठोकळा. दोन्ही टोकांना केबलचे कनेक्टर बसतात, मधल्या स्क्रूखाली अर्थची वायर. केबलची बाहेरची जाळी तो अर्थला जोडतो, आतल्या तारेला मात्र तो सरळ पुढे जाऊ देतो.

मी भिंतीलगत वेगळा रॉड ठोकून मोकळा होणार होतो. इलेक्ट्रिशियनने अडवलं आणि वायर घराच्या मुख्य अर्थलाच जोडून घेतली. दोन अर्थ एकमेकांपासून सुटे ठेवले, तर जवळपास वीज पडल्यावर दोघांमध्ये व्होल्टेजचा मोठा फरक पडतो आणि तो सेट टॉप बॉक्समधून, टीव्हीतून वाट काढतो. म्हणजे सोय करायला जाऊन घात. वायरही शक्य तितकी सरळ न्यायची, उरलेल्या लांबीचं वेटोळं करून ठेवायचं नाही.

फायदा पहिल्याच दिवशी जाणवला. बॉक्स दोन पिनांच्या ॲडॉप्टरवर चालतो, म्हणजे त्याला स्वतःचा अर्थ नाही. आधी केबल लावताना बोटांना झिणझिण्या यायच्या, त्या बंद झाल्या. पण म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये. डिशवर साचणारा स्थिर विद्युतभार वाहून जातो, दूरच्या विजेचा झटका सौम्य होतो, एवढंच. वीज थेट पडली तर हा ठोकळा काय करणार? गडगडाट सुरू व्हायच्या आधी प्लग आणि केबल काढून ठेवायची सवय मी सोडलेली नाही. एकदा गडगडायला लागलं की केबलला हात लावत नाही.

आता खरी कथा. तिसऱ्या महिन्यात दोन-तीन जोराचे पाऊस झाले आणि निम्मे चॅनल गायब. बाकीचे निम्मे काचेसारखे स्वच्छ. सगळ्यांनी एकच निदान केलं: डिश हलली. डिश हलली असती तर कमी-जास्त प्रमाणात सगळ्याच चॅनलना फटका बसला असता. इथे गेलेले चॅनल निवडून गेल्यासारखे. यादी करून बघितली तर सगळे आडव्या ध्रुवीकरणाचे, म्हणजे आडव्या दिशेत कंप पावणाऱ्या लहरींवर येणारे.

त्याचं कारण असं. डिशच्या तोंडाशी एलएनबी असतो, लहरी पकडून केबलमध्ये पाठवणारा डबा. त्याला बॉक्स केबलमधूनच वीज देतो. 13 व्होल्ट दिले की तो उभ्या लहरी घेतो, 18 दिले की आडव्या. वाटेत 18 चे घसरून 14 झाले तर एलएनबी उभ्यावरच बसून राहतो. मल्टिमीटर घेऊन गच्चीवर गेलो, केबल सोडून टोकाला मोजलं: 18. म्हणजे केबल ठीक? अजिबात नाही, आणि इथे माझे दोन दिवस गेले. टोक मोकळं असताना प्रवाहच वाहत नाही, मग व्होल्टेज पडणार कसं? एलएनबी जोडलेला ठेवून ब्लॉकच्या एलएनबीकडच्या बाजूला मोजलं तेव्हा आकडा घसरलेला दिसला.

ब्लॉक उघडला. आत हिरवट-पांढरी पूड, मधली तार काळी पडलेली. ब्लॉक मी उघड्यावर लावला होता, आणि वरून आलेली केबल सरळ त्याच्यात उतरत होती. पाणी केबलच्या अंगावरून ओघळत थेट कनेक्टरात. अर्थिंगसाठी मी अखंड केबल कापून दोन नवे सांधे केले होते आणि दोन्ही उघडे ठेवले होते.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. बॉक्सचा प्लग काढला; चालू बॉक्सची केबल सोडताना आतली तार जाळीला टेकली तर शॉर्ट होतो. दोन्ही टोकं वीतभर कापली, कारण जाळीतून पाणी आत चढलेलं असतं. नवे दाबून बसवायचे कनेक्टर लावले. जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये, हे चष्मा लावून बघा. नवा ब्लॉक छपराखाली आणला आणि त्याच्या आधी केबलला खाली झोल दिला, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकतं. सांध्यांवर स्वतःलाच चिकटणारा रबरी टेप ताणून गुंडाळला. साधा काळा टेप उन्हात सुटतो. चॅनल परत आले.

तेव्हापासून सहा महिने झाले. मुसळधार पावसात अजूनही दहा-पंधरा मिनिटं चित्राचे चौकोन होतात. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. त्याला इलाज नाही, फार तर मोठी डिश. बॉक्सच्या मेन्यूत दोन आकडे दिसतात, त्यातला ‘स्ट्रेंथ’ मी बघतच नाही. ब्लॉक कुजला होता तेव्हाही तो भरघोस दिसत होता. ‘क्वालिटी’ बघा. कोरड्या दिवसाचा तो आकडा मी बॉक्सच्या बुडाला चिठ्ठी लावून लिहून ठेवलाय.

तक्रार एकच: ब्लॉकबरोबर आलेला अर्थचा स्क्रू सहा महिन्यांतच गंजला. पितळी घालून घेतला.