11 लाखांची ई-क्लास की 13 लाखांची फॉर्च्युनर?

वाकडच्या जुन्या गाड्यांच्या एका यार्डात दोन्ही शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही 2014 च्या, डिझेल, एमएच-12 पासिंग. मर्सिडीज ई 250 सीडीआयची सांगितलेली किंमत 11.50 लाख, टोयोटा फॉर्च्युनरची 13.25. नव्या असताना शोरूममध्ये ई-क्लास 40 लाखांच्या वर होती आणि फॉर्च्युनर 25 लाखांच्या आत. मावसभाऊ गाडी बघायला मला सोबत घेऊन गेला होता. म्हणाला, ‘‘मर्सिडीज स्वस्त पडतेय की रे!’’

पडतेय खरी. पण का, ते आधी बघू. अशा गाड्या पुष्कळदा कंपनीच्या नावावर घेतलेल्या असतात. आयकरात गाडीच्या उरलेल्या किमतीवर दरवर्षी 15 टक्के घसारा, म्हणजे झिजेची वजावट, मिळतो, त्यामुळे पाच वर्षांनी कागदावर तिची किंमत जेमतेम 44 टक्के उरते. पहिल्या मालकाचं बरंचसं वसूल झालेलं असतं, त्याला सोडून द्यायला जड जात नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला मात्र इतक्या जुन्या गाडीवर सहसा कर्ज मिळत नाही, रोख मोजावे लागतात. 10 लाख रोख देऊन बारा वर्षांची जर्मन गाडी घेणारे किती? म्हणून भाव पडतो. गाडी वाईट असते म्हणून नव्हे.

घासाघीस केल्यावर हे उघड दिसलं. मर्सिडीज अर्ध्या तासात 11.50 वरून 9.75 वर आली, तेही चहा यायच्या आत. फॉर्च्युनरवर मात्र यार्डवाला 25 हजारांच्या पुढे हलेना. ‘‘नाही घेतली तर संध्याकाळी सांगलीची पार्टी येतेय,’’ म्हणाला. ही थाप असेलही, पण अशी थाप मर्सिडीजसाठी मारायची त्याची हिंमत झाली नाही, एवढं लक्षात ठेवा.

गाडीचा भाव चौथ्या हिश्शावर आला तरी तिच्या हेडलाइटचा भाव उतरत नाही. पार्ट्स 40 लाखांच्या गाडीचेच. ई 250 च्या इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे झडपा वेळेवर हलवणारी साखळी, गिअरबॉक्सच्या बाजूला, मागे आहे. ती वाजू लागली तर नुसत्या चेनच्या किमतीवर भागत नाही, तिथपर्यंत पोचायचीच मजुरी मोठी. फॉर्च्युनरचं 3 लिटरचं इंजिन टोयोटाच्या पिकअपमध्येही चालतं आणि तालुक्याचा मेकॅनिकही ते न घाबरता उघडतो. सस्पेन्शन मात्र दणके देतं, मागच्या सीटवर आईवडील असतील तर खंबाटकी घाट उतरेपर्यंत तक्रार ऐकावी लागते. ई-क्लासमध्ये ते झोपतील.

फॉर्च्युनरमध्येही फसगत आहे, फक्त वेगळी. नावाला भाव असल्यामुळे अडीच लाख किलोमीटर पळालेली गाडीही मीटर मागे फिरवून ऐटीत विकली जाते. आम्ही बघितलेल्या गाडीचा मीटर 78 हजार सांगत होता आणि स्टिअरिंगचं चामडं वरच्या बाजूला आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. पेडलचं रबर मात्र कोरं करकरीत. बदललेलं, अर्थात.

आता हिशेब, माझ्या अंदाजाने. गाडी तीन वर्षं ठेवायची. ई-क्लास 9.75 ला घेतली, साडेपाचला गेली, वर्षाला दीड लाख दुरुस्ती: एकूण खर्च पावणेनऊ लाख. फॉर्च्युनर 13 ला घेतली, 10 ला गेली, वर्षाला 60 हजार: 4.80. फरक साधारण चार लाखांचा. म्हणजे महिन्याला 11 हजार रुपये हे बोनेटवरच्या चांदणीचं भाडं. ज्याला ते देणं परवडतं आणि आठवड्याला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे करायचा आहे, त्याने खुशाल ई-क्लास घ्यावी, मी घेईन. दुरुस्तीचे 3 लाख वेगळे ठेवता येत नसतील तर घेऊ नये. विकायचं ते 2029 मध्ये दोन्हींना 15 वर्षं भरायच्या आधी, कारण पुन्हा नोंदणीच्या फेऱ्या गिऱ्हाइकाला नको असतात.

दिल्ली पासिंगची ई-क्लास आणखी दोन लाखांनी कमी दिसते, तिच्यावर भुलू नका. तिथल्या डिझेल गाड्यांवरच्या 10 वर्षांच्या मर्यादेने भाव पडलेला असतो. एनओसी (तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र) आणून इथे नोंदवताना आरटीओ वयाची सूट देऊन रोड टॅक्स घेतं, आणि महाराष्ट्रात नवी असताना 20 लाखांवर असलेल्या डिझेल गाडीचा मूळ दर 15 टक्के आहे. आधी तो आकडा काढून घ्या, मग स्वस्ताई मोजा.

भावाने मर्सिडीजचं ठरवलं. चेन वाजते का ते थंड इंजिन सुरू करून बघायचं म्हणून सकाळी 9 ची वेळ घेतली आणि आम्ही 8:40 लाच पोचलो. बोनेटवर हात ठेवला तर गरम. ‘‘सर, धुवायला बाहेर काढली होती.’’ पण टायर कोरडे होते आणि मडगार्डच्या आत कालचीच धूळ. टोकनचे 21 हजार भावाने खिशातच ठेवले. परवा पुन्हा जाणार आहोत, न सांगता.