बोलका रोबो की मुका मीटर?

सोलापुरात उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं. तरी नळ आला की पिंप भरून वाहतं, अंगणात सडा-शिंपण जोरात. मग पाणी वाया घालवणाऱ्याला टोकायला काय बरं, आकडा दाखवणारा मीटर की बोलणारा रोबो?

मीटर स्वस्त, पण त्याच्याकडे बघतो कोण! २००९ साली नेदरलँड्सच्या मिडन आणि हॅम या संशोधकांनी आयकॅट हा मांजरतोंड्या रोबो वॉशिंग मशीनच्या प्रयोगात वापरला. नुसत्या आकड्यांपेक्षा त्याच्या शेऱ्यांनी वीज जास्त वाचली. त्यातही शाबासकीपेक्षा नापसंती जास्त लागू पडली. (आपल्याकडे हे काम आजी फुकटात करते म्हणा.)

पण रोबो महाग, आणि नवलाई ओसरल्यावर ऐकणार कोण? मी म्हणेन, रोबो ठेवा सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत कचरापेटीपाशी, तिथे नवलाई टिकेल. घरात मीटरच, फक्त मोरीत डोळ्यांसमोर.