ग्रेट्झ्कीच्या सहीचा पक: माल अस्सल, पॅकिंगची बोंब

आइस हॉकीचा दिग्गज खेळाडू वेन ग्रेट्झ्कीच्या सहीचा पक (या खेळात चेंडूऐवजी वापरतात ती चकती) शेवटी घेतलाच, विकणाऱ्या दुकानाचं नाव लिहीत नाही कारण भांडण अजून मिटलेलं नाही. आधी चांगलं सांगतो. पक म्हणजे काय तर ३ इंच रुंद, १ इंच जाड काळं रबर, त्यावर चंदेरी पेंट पेननी केलेली सही, आणि ती उजेडात तिरकी धरून बघितली की शाईचा थर जरासा वर आलेला दिसतो, एका वळणावर पेन दाबल्यामुळे जाड झालाय. छापील सही अशी दिसत नाही, ती एकदम सपाट असते. होलोग्रामवरचा नंबर आणि सर्टिफिकेटवरचा नंबर जुळला, सह्यांची खात्री देणाऱ्या अपर डेक कंपनीच्या साईटवर टाकून पण बघितला, बरोबर निघाला. नुसत्या सर्टिफिकेटवर कधी विसंबू नका, कागद काय कोणीपण छापतो!

आता बोंब. डिस्प्ले केस तडकलेली आली, आत पक खुळखुळत होता, नशीब सही घासली नाही. फोटो पाठवले तर म्हणे केस फ्री होती, तिची भरपाई नाही. अरे पण मग पक नीट गुंडाळायचा ना!

माणूस १९९९ ला रिटायर झाला, नंतर एनएचएलनी (अमेरिका-कॅनडातली हॉकी लीग) त्याचा जर्सीवरचा ९९ नंबरच सगळ्या टीमसाठी बंद केला, त्याच्या ८९४ गोलांचा रेकॉर्ड २०२५ मध्ये ओवेच्किन या खेळाडूनी मोडला तरी २८५७ पॉइंट्सच्या (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) जवळपास कोणी नाही. म्हणून पक परत करणार नाही. मालाला पाच स्टार, दुकानाला दोन, तेपण जिवावर आल्यासारखे.