अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या हेडला नव्या एक्झॉस्ट सीट : आठ-नऊ महिन्यांनंतर

गाडी पेट्रोल अ‍ॅम्बेसेडर, 1489 सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, बिडाचं. कारखान्यातून येताना त्यात वेगळ्या सीट (व्हॉल्व्ह बंद होताना ज्यावर टेकतो त्या कड्या) नसतात, बिडातच काप घेऊन व्हॉल्व्ह बसवलेला असतो. शिशाचं पेट्रोल होतं तोवर हे छान चाललं. शिशाचा पातळ थर सीटवर बसायचा आणि तापलेला व्हॉल्व्ह बिडाला चिकटू द्यायचा नाही. 2000 साली देशभर शिसेमुक्त पेट्रोल आलं, ते यायलाच हवं होतं. पण भार घेऊन पळणाऱ्या या इंजिनांत तेव्हापासून एक्झॉस्ट (जळालेला वायू बाहेर सोडणारे) व्हॉल्व्ह सीटचे बारीक कण उपटत राहतात आणि हेडमध्ये वर वर सरकतात.

हे कळतं टॅपेटवरून, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातल्या फटीवरून. गॅप 0.015 इंच ठेवावा, तर थोड्याच दिवसांत तो कमी झालेला सापडतो. टॅपेट वाजत नाही म्हणून मालक निर्धास्त असतो आणि तिकडे व्हॉल्व्ह पुरता बंद होत नसतो. मग तो जळतो. माझ्या गाडीत दोन आणि तीन नंबरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हेडमध्ये जास्त आत गेले होते. या हेडमध्ये त्या दोघांचा पोर्ट (वायू जायची वाट) एकच, त्यामुळे सगळ्यात जास्त उष्णता तिथेच साठते.

बाजारात साधं बीड, जास्त क्रोमचं बीड, सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून-भाजून केलेली) आणि स्टेलाइट अशा सीट मिळतात. स्टेलाइटचं नाव ऐकून बरेच जण तिकडे ओढले जातात. ती कोबाल्टची मिश्रधातू, फार कडक. मात्र साध्या कटरने ती नीट कापली जात नाही, दगडानेच ग्राइंड करावी लागते आणि व्हॉल्व्हही तोडीचा लागतो. रात्रंदिवस गॅसवर चालणाऱ्या इंजिनाला ती द्यावी. घरच्या पेट्रोल गाडीला जास्त क्रोमचं बीड पुरतं, असं माझं ठाम मत आहे. हेडही बिडाचंच असल्याने दोन्ही जवळपास सारखंच प्रसरण पावतात, सीट सैल व्हायची भीती कमी. जोडीला 21-4एन पोलादाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घेतले. इनटेकला हात लावला नाही. येणारं थंड मिश्रण त्या सीटना गार ठेवतं, आणि उगाच जास्त बोअर केलं तर पाण्याचं जॅकेट फुटून हेडच भंगारात जातं.

कोल्हापुरात उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीमुळे हे काम करणारे जुने हात अजून आहेत. काम देण्याआधी दोन व्हॉल्व्हच्या मधल्या भिंतीला तडा आहे का ते तपासून घ्या, या हेडला तिथे तडे जातात. मग गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी. सीटचा कटर गाइडमध्ये पायलट (मधला दांडा) घालून फिरतो, म्हणजे गाइड झिजलेला असेल तर सीट वाकडीच कापली जाणार. गाइड न बघता सीटचा भाव सांगणाऱ्याकडे हेड देऊ नये. खाच सीटपेक्षा 0.003 ते 0.004 इंच लहान ठेवली होती. सीट गार करून, हेड कोमट करून दाबली. एक्झॉस्टला कापाची रुंदी दीड ते दोन मिलिमीटर हवी. अरुंद कापाचा कॉन्टॅक्ट दिसायला सुरेख, पण व्हॉल्व्हची उष्णता हेडमध्ये जायला तेवढीच वाट असते. शेवटी हलकं घासून पोर्टात रॉकेल ओतलं, एक थेंब गळला नाही.

आता वापराबद्दल. हेड पुन्हा टाइट केल्यावर टॅपेट एकदा लावले, तेव्हापासून एक्झॉस्टचा गॅप हललेला नाही. पूर्वी तो सतत सरकायचा. माणसांनी भरलेली गाडी घेऊन भर उन्हात आंबा घाट चढलोय, वर पोहोचल्यावर आयडलिंग स्थिर. थंडीत सकाळी मिसिंग मारायची, ते गेलं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं येतं. अ‍ॅव्हरेजमध्ये मोठा फरक पडेल या आशेने हे काम करू नका, माझ्याकडे तरी तसा पडलेला नाही.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे कार्ब्युरेटरवरचं मिश्रण पातळ होतं. सीट बदलल्यावर मेन जेटकडेही (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) बघाच, आणि प्लगचा रंग पांढरा दिसला तर वाट न बघता मिश्रण थोडं जाड करा.